जवारीखालची माणसं

गंगाखेडच्या मुलींच्या शाळेत मला नोकरी लागली आणि मी खोली शोधायला निघाले, तेव्हा आमच्या होणाऱ्या घरमालकांनी खोली दाखवायच्या आधी मला खुर्चीवर बसवलं. खुर्चीमागं रंगवलेला पडदा होता. त्यावर संगमरवरी पायऱ्या, पायऱ्यांपाशी तळं आणि तळ्यात एक हंस. अंग हंसाचं होतं, मान मात्र म्हशीची होती. पडदा मालकांनी स्वतः रंगवलेला, त्यामुळं त्यावर कुणी बोलत नसे.

"बाई, हनुवटी जरा खाली घ्या. श्वास धरा. आता हलायचं न्हाई."

"अहो, मी खोली बघायला आलेय," मी म्हणाले.

"मग हे काय चाललंय?" काळ्या कापडाच्या आतून आवाज आला.

त्यांचा नियमच होता. या घरात राहणारं माणूस आधी कॅमेऱ्यातून आत यायचं, मग दारातून. भाडं किती, पाणी कधी येतं, या गोष्टी त्यांच्या लेखी फुटकळ होत्या आणि त्या काकू बघायच्या. काकू म्हणजे मालकीणबाई. त्यांनी मला मागची खोली दाखवली, भाडं सांगितलं आणि जाता जाता अगदी सहज म्हणाल्या, "न्हाणीत इतक्यात जाऊ नका बाई, माणसं वाळायलीत."

मी घाबरत घाबरत न्हाणीत डोकावले. दोरीला चिमटे लावून निगेटिव्ह लटकवलेल्या होत्या. या घरात निगेटिव्हला निगेटिव्ह कुणी म्हणतच नव्हतं. माणसं धुवायला टाकलीत, माणसं वाळायलीत, एक माणूस खाली पडलंय ते उचला, अशीच भाषा होती. महिन्याभरात मीही तसंच बोलायला लागले. शाळेत एकदा मुख्याध्यापिकांनी उशीर का झाला म्हणून विचारलं, तर मी सांगून बसले की न्हाणीत माणसं होती.

मालक तरुणपणी हैदराबादेत कुणा उस्तादाकडे ही कला शिकून आले होते. डोक्याला काळी टोपी, कानात अत्तराचा फाया आणि औषधाच्या पाण्यानं कायमची पिवळी पडलेली बोटं. गिऱ्हाईक आलं की "तशरीफ ठेवा" म्हणायचे आणि ते ठेवून झालं की त्याच्यावर खेकसायचे. खेकसण्याचं कारण बहुतेक वेळा एकच असे. माणूस हसायचा. हसलेलं त्यांना चालत नसे.

"हसू टिकत न्हाई," ते म्हणायचे. "दोन सालानं बघाल तर येड्यासारखं दिसायलाव, असं वाटंल. गप बसा आन् समोर बघा."

त्यामुळं त्यांनी काढलेल्या फोटोंत सगळं गंगाखेड कोर्टात निकालाची वाट बघत बसल्यासारखं दिसतं. नवरा-नवरीसुद्धा. लग्नासाठी दाखवायच्या मुलींचे फोटोही त्यांच्याकडेच काढले जायचे, आणि ते हातात घेऊन मुलाकडची मंडळी काळजीत पडायची की मुलगी रागीट तर नाही. पण तालुक्यातल्या सगळ्याच मुली सारख्याच रागीट निघायला लागल्यावर कुणाचं काही अडेनासं झालं.

माझा फोटो मात्र मला मिळाला नाही. मागितला की म्हणायचे, "कशाला? तुमी हायतच की माझ्यापाशी." फोटो म्हणजे त्यांच्या मते नुसती सावली. ती भिंतीवर टांगा, नाहीतर उंदराला खायला घाला. माणूस राहतो तो निगेटिव्हमध्ये, आणि एकदा आपल्याकडे आलेल्या माणसाला बाहेर काढायचं नाही. दुसरे फोटोवाले जुन्या निगेटिव्ह टाकून देत. यांनी आयुष्यात एक टाकली नव्हती. कुणाला दिलीही नव्हती.

आता एवढी माणसं ठेवायची तर काही व्यवस्था हवी. मी गणिताची बाई. मला वाटलं, नावावरून असेल, निदान सालावरून तरी असेल. तसलं काही नव्हतं. बिस्किटांचे, पेढ्यांचे, डालड्याचे असे नाना तऱ्हेचे डबे होते आणि एक घर म्हणजे एक डबा. डब्यावर काही लिहिलेलं नसे. कुणाचा डबा कुठला हे त्यांना पाठ होतं. मुलगी लग्न होऊन गेली की तिची निगेटिव्ह माहेरच्या डब्यातून सासरच्या डब्यात जायची, आणि ती अशी तशी नाही. काकू आधी डब्याच्या झाकणाला हळदी-कुंकू लावायच्या, मग मालक ती दोन बोटांत धरून हलक्या हातानं नव्या घरी ठेवायचे. मुलगी भांडून माहेरी परत आली, तर तिलाही परत आणायचे. तेव्हा हळदी-कुंकू नसे, पण काकू एक उसासा टाकायच्या.

भाऊ वेगळे निघाले की डबे वेगळे. मात्र एका वावराच्या बांधावरून कोर्टात गेलेल्या दोन भावांचा फोटो एकाच निगेटिव्हवर होता, खांद्यावर हात टाकलेला. तिचं करायचं काय, हा प्रश्न मालकांना बरेच दिवस छळत होता. शेवटी कपाटावर एक डबा वेगळा ठेवला गेला. त्याला ते सरकारी डबा म्हणायचे. ज्यांचं कुठंच जमत नाही, अशी सगळी माणसं त्यात. प्रत्येक निवडणुकीनंतर मालक दोन दिवस दुकान बंद ठेवून डब्यांची हलवाहलव करायचे, कारण तोवर गावात कोण कुणाशी बोलत नाही ते बदललेलं असायचं.

या सगळ्यात त्यांची एकच गोष्ट मला खटकायची, आणि ती कमलबाईंची. कमलबाई माझ्याच शाळेत इतिहास शिकवायच्या. आमची मैत्री झाली आणि त्या अधूनमधून मागच्या दारानं माझ्या खोलीवर यायला लागल्या. रस्त्यानं जाणाऱ्या अनोळखी माणसालाही "अहो, इकडं या, तुमचं नाक बघू" म्हणणारे आमचे मालक, कमलबाई दिसल्या की पाठ फिरवून अंधाऱ्या खोलीत शिरायचे आणि आतून कडी लावायचे. कमलबाई बौद्ध. मी त्यातून जो अर्थ काढायचा तो काढला आणि मनात राग धरला. कमलबाईंना विचारलं तर त्या नुसत्या म्हणाल्या, "असू द्या. असल्या कड्या मी लय बघितल्यात."

पुढं एका पावसाळ्यात गोदावरी फुगली आणि पाणी आमच्या गल्लीत आलं. घरात घोट्याएवढंच आलं आणि सकाळी उतरलंही, पण खालच्या फळीवरचे डबे भिजले. मालकांनी सगळे उघडून, पुसून, वाळवून ठेवले. एक तेवढा कपाटामागं सरकला होता, तो राहिला. तो सापडला तेव्हा आतल्या निगेटिव्ह एकमेकींना चिकटून त्यांचा लगदा झाला होता. तो एका बड्या पाटलांचा डबा होता. आजोबापासून नातवापर्यंत सगळे त्यात.

मालकांनी सुतक धरलं. मी हे चेष्टेनं म्हणत नाही. त्यांनी दाढी केली नाही, अत्तर लावलं नाही, दुकानाची एक फळी लावून घेतली आणि घोंगडीवर बसून राहिले. काकूंनी गोड काही केलं नाही. गल्लीतल्या दोघीतिघी विचारपूस करायला येऊन, नेमकं काय झालं ते न कळता डोळे पुसून गेल्या. चौथ्या की पाचव्या दिवशी स्वतः पाटील कसल्याशा अर्जासाठी फोटो काढायला आले. दाढी वाढलेले मालक बघून पायरीवरच थांबले.

"काय झालं? कोण गेलं?" पाटलांनी टोपी काढत विचारलं.

मालक उठले आणि त्यांच्या गळ्यात पडले. "तुमीच गेलाव पाटील. समदं खानदान गेलं. एकबी वाचलं न्हाई."

पाटलांनी आधी स्वतःचा हात चाचपून बघितला, मग काकूंकडे बघितलं. काकू म्हणाल्या, "लय वाईट झालं बघा," आणि आत चहा ठेवायला गेल्या. दुसऱ्या दिवशी पाटलांचं सगळं घरदार ट्रॅक्टरमध्ये बसून फोटो काढायला आलं. आजोबा वारून बरीच वर्षं झाली होती, म्हणून त्यांच्या जागी त्यांची काठी आणि फेटा खुर्चीवर ठेवून फोटो काढला. मालकांनी काठीलाही हलू नको म्हणून बजावलं. मगच त्यांनी दाढी केली.

पण धास्ती बसली ती बसलीच. नदीकडच्या भिंतीला ओल धरली होती, डब्यांचे बूड गंजत होते, आणि पुढच्या पावसाळ्यात पुन्हा पाणी आलं तर काय, या विचारानं त्यांना जेवण जाईना. एक दिवस त्यांनी जाहीर केलं की सगळी माणसं इथून हलवायची. नदीपासून लांब, उंचावर, राणीसावरगावला. तिथं त्यांची मोठी बहीण राहायची. तिच्याकडे धान्याची एक मोठी पत्र्याची कोठी होती, आणि शेताच्या वाटण्या झाल्यापासून ती रिकामीच होती.

"एकाच कोठीत?" मी विचारलं. "सगळी?"

माझ्या तोंडून निघालं आणि मालक मटकन खाली बसले. हे त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं. इथं डबे चार भिंतींना चार ठिकाणी होते, कपाटावर सरकारी डबा होता. कोठीत सगळे एकमेकांच्या उरावर बसणार. कोर्टातल्या भावांच्या डोक्यावर त्यांचा वकील आला तर? विहिणी शेजारी शेजारी आल्या तर? पुढचे कित्येक दिवस अंगणात डबे मांडायचे, बाजूला व्हायचे, लांबून बघायचे, परत हलवायचे, हाच उद्योग. मी शाळेतून आले की मला उभं करायचे आणि विचारायचे, "बाई, तुमी हिसाबाच्या. हा डबा हितं ठीवला तर तो तिथं जातो. आता सांगा."

उत्तर शेवटी काकूंनी दिलं. त्या म्हणाल्या, "पंगत समजा की. पाव्हणे आधी, घरचे मागून." मालकांचा चेहरा उजळला. पंगतीला लोक भांडत नाहीत, निदान जेवण होईस्तोवर तरी नाही. मानाचे पाहुणे सगळ्यांत वर, म्हणजे कोठी उघडली की पहिले ते दिसायचे. मग सोयरे, मग भावकी, मग सरकारी डबा. आणि यजमान सगळ्यांत शेवटी जेवतात, म्हणून मालकांच्या स्वतःच्या घरचा डबा अगदी तळाला. तो एक मोठा डालड्याचा डबा होता आणि त्याला त्यांनी कुणाला हात लावू दिला नाही, काकूंनासुद्धा.

हिवाळ्यातल्या एका रविवारी आम्ही गाठोडी घेऊन एसटीत चढलो. मालक, काकू आणि मी. कंडक्टर आला, त्यानं गाठोड्यांना पाय लावून बघितला.

"यात काय हाय?"

"पाय काढा. माणसं हायती," मालक म्हणाले.

"मग तिकिटं काढा त्यांची."

"काढली असती. पण यातली निम्मी वारलीत, त्यांना तुमी अर्धं धरता का पुरं, ते सांगा आधी."

मागचे लोक उठून बघायला लागले. कंडक्टर मुरलेला होता, पण असला प्रवासी त्यालाही कधी भेटला नसावा. मालक त्याच्या तोंडाकडे टक लावून बघत होते. मग त्यांनी एक गाठोडं सोडलं, एक डबा उघडला आणि एक निगेटिव्ह काढून खिडकीच्या उजेडात धरली. "तुमी पिंगळीचे. ह्यो बघा. मुंडावळ्या बांधून हसत व्हताव, म्हणून मी वरडलो. तवाचं हे पडलेलं तोंड." कंडक्टर वाकून वाकून बघत राहिला. मग त्यानं आमची तीन तिकिटं फाडली आणि गाठोड्यांवर कुणी बसू नये म्हणून स्वतः तिथं उभा राहिला.

आक्का, म्हणजे मालकांच्या बहीण, सत्तरीच्या होत्या आणि भावापेक्षा आवाजानं मोठ्या होत्या. त्यांच्या माजघरात ती कोठी उभी होती, माणसाच्या उंचीची. मालकांनी स्टुलावर चढून एकेक डबा आत सोडला, झाकण लावलं, वर फडकं बांधलं आणि आक्कांना बजावलं, "आक्का, कोठीला हात लावायचा न्हाई."

"मी कशाला लावू हात," आक्का म्हणाल्या.

एवढ्यावर सगळं निभावलं असं आम्हाला वाटलं.

त्याच हिवाळ्यात कमलबाईंची आई वारली. त्यांच्या आईला मी एकदोनदा भेटले होते; बारकी, काटक बाई होती. पुण्यानुमोदनाला मी गेले, तेव्हा तिथं पाटावर बुद्धांची तसबीर होती, फुलं होती, मेणबत्ती होती, आणि आईचा फोटो नव्हता. कमलबाईंनी हार दोन आणले होते. दुसरा हार तसाच पुडीत राहिला. तेव्हा त्यांनी मला पहिल्यांदा नीट सांगितलं. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाल्यावर जी जाळपोळ झाली, तिच्यात गंगाखेडपासून थोड्या अंतरावरची त्यांची वस्ती जळाली होती. त्या तेव्हा परभणीला कॉलेजात होत्या. घरात आईचा एकच फोटो होता, तो भिंतीसकट गेला. "आई होती तोवर फोटोची याद आली न्हाई," त्या म्हणाल्या. "आता डोळे मिटले की आजारातलाच चेहरा येतो. दुसरा आठवतच न्हाई."

मे महिन्यात मालकांनी दुकान रंगवायला काढलं आणि सामान अंगणात आणून ठेवलं. पडदाही बाहेर आला आणि दोरीवर टाकला गेला. कमलबाई नेहमीप्रमाणं मागच्या दारानं येत होत्या. दोरीपाशी त्या थबकल्या आणि थांबूनच राहिल्या.

"हा पक्षी आमच्या घरात होता," त्या म्हणाल्या.

मला आधी कळलं नाही. त्या हंसाच्या मानेवर बोट ठेवून उभ्या होत्या. मॅट्रिक पास झाल्यावर आईनं त्यांना बाजाराच्या दिवशी गावात आणून फोटो काढला होता. आई खुर्चीत, मुलगी शेजारी उभी, मागं हा पक्षी. दुकान कुठलं होतं ते कमलबाईंना इतक्या वर्षांत आठवत नव्हतं, आणि पुढच्या दारानं त्या आमच्याकडे कधी आल्याच नव्हत्या.

मी धावत आत गेले. मालक अंधाऱ्या खोलीत होते, कडी लावून. मी दार बडवलं आणि मोठ्यानं सांगितलं, कमलबाईंच्या आईची निगेटिव्ह पाहिजे. मग दार उघडलं. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "हाय. राणीसावरगावला हाय. उद्या जाऊ."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं गेलो. मालक एसटीत सगळ्यांत पुढं, ड्रायव्हरच्या पाठीशी जाऊन बसले, आम्हा दोघींपासून लांब. आक्कांच्या घरी पोचलो, मालकांनी कोठीचं फडकं सोडलं, झाकण काढलं आणि आत बघून "या अल्ला" म्हणाले. हैदराबादचं जे काही त्यांच्यात उरलं होतं, ते अशा वेळी बाहेर यायचं.

कोठी जवारीनं काठोकाठ भरली होती.

"आक्का, तुला हात लावू नको म्हणलं व्हतं न्हं."

"हात कुठं लावला? वरून वतली," आक्का म्हणाल्या. "कोठी अर्धी रिकामी ठिवत न्हाईत. घराला बरकत ऱ्हात न्हाई. आन् औंदा जवारी झाली लय."

कोठीला खालून धान्य काढायचं तोंड असतं, पण ते डब्यांनी बुजलेलं. म्हणजे सगळी जवारी वरून उपसायची. आक्का तयार होईनात. पाऊस पडल्याशिवाय कोठी उपसायची नसते, दाण्याला हवा लागते, किडा लागतो, असं त्यांचं म्हणणं. मालक त्यांच्या पाया पडायच्या बेताला आले. तेवढ्यात आक्कांचं लक्ष कमलबाईंकडे गेलं आणि त्यांनी गावाकडच्या रीतीनं विचारलं, "ह्या कुणाच्या?"

कमलबाईंनी आपल्या वस्तीचं नाव सांगितलं, आईचं नाव सांगितलं, ती आता नाही हे सांगितलं आणि कोठीत तिचा फोटो आहे हेही सांगितलं. आवाज चढवला नाही की उतरवला नाही. वस्तीचं नाव आक्कांना कळलं होतं, त्याचा अर्थही कळला होता. मी आता काय ऐकावं लागतंय म्हणून अंग चोरून उभी होते.

"पदर खोचा मग," आक्का म्हणाल्या आणि भिंतीवरचं सूप काढून कमलबाईंच्या हातात दिलं. "लय जवारी हाय."

दुपारभर आम्ही जवारी उपसली. आक्का घमेलं भरायच्या, कमलबाई आणि मी ती अंगणातल्या ताडपत्रीवर नेऊन टाकायचो. मालक स्टुलावर उभे राहून जवारीत खांद्यापर्यंत हात घालायचे आणि एकेक डबा ओढून काढायचे. डबे आतून खडखडीत कोरडे होते. गंगाखेडला ज्या निगेटिव्हना ओलीचा वास यायचा, त्या पापडासारख्या कुरकुरीत झाल्या होत्या. दुसरा दिवस असता तर मालकांनी यावर मोठं व्याख्यान दिलं असतं. त्या दिवशी त्यांनी नुसता पुढचा डबा ओढला.

पाहुणे निघाले, सोयरे निघाले, भावकी निघाली. कमलबाई प्रत्येक डबा उघडून बघत होत्या, उजेडात धरत होत्या, परत ठेवत होत्या. त्यांच्या वस्तीचा असा एकही डबा नव्हता. सरकारी डबाही निघाला, त्यातही काही नाही. कमलबाईंचे हात आता हळू चालायला लागले होते. मला मालकांचा असा संताप आला की माझ्या तोंडून निघून गेलं, "आमच्यासारख्यांचे डबे बरे जपलेत. ह्यांचे तेवढे कुठं टाकून दिलेत?"

मालक स्टुलावरूनच कोठीत कमरेपर्यंत वाकले आणि तळातला डालड्याचा डबा काढून, खाली उतरून कमलबाईंच्या पुढ्यात ठेवला. त्यांच्या घरचा डबा.

कमलबाईंनी झाकण उघडलं. वर काकू होत्या, मालकांचे वडील होते, आक्का होत्या. मालकांच्या आईच्या निगेटिव्हला लागून एक पुडकं होतं, आणि त्यात ओळीनं माणसं होती. त्या वस्तीतली सगळी. म्हातारे, बाळंतिणी, एक पैलवान. कमलबाई एकेक उजेडात धरत गेल्या आणि एकीवर थांबल्या. मी शेजारून बघितलं. दोन वेण्या घातलेली एक मुलगी ताठ उभी होती, आणि खुर्चीत बसलेली बाई हसत होती. निगेटिव्हमध्ये दात काळे दिसतात, म्हणून ते हसू आणखीच ठळक दिसत होतं. त्या सगळ्या कोठीत हसणारं माणूस बहुतेक तेवढंच.

"मान बघून हसली व्हती," मालक खाली बघत म्हणाले. "पक्ष्याची. लय समजावलं, हसू नका म्हणून. ऐकली न्हाई."

"ही तुमच्या डब्यात कशी?" कमलबाईंनी विचारलं.

"वस्ती जळली, त्या हप्त्यात आणली. त्यांचा डबा व्हता येगळा. मला वाटलं, घर ऱ्हायलं न्हाई, मग डबा तरी कुणाच्या नावानं ठिवायचा. म्हणून घरात घेतली समदी."

खरं सांगायचं तर मी मनातल्या मनात मालकांना सगळं माफ करून टाकलं होतं. कमलबाईंनी तसं केलं नाही. त्यांनी निगेटिव्ह पदरावर ठेवली आणि शांतपणे म्हणाल्या, "मालक, आमची आई त्या हप्त्यात शाळेच्या व्हरांड्यात बसून व्हती. गंगाखेडच्याच शाळेच्या. तिला न्हाई घेतलं कुणी घरात."

आक्कांनी हातातलं घमेलं खाली ठेवलं. मालकांना प्रत्येक गोष्टीवर उत्तर असायचं; मेलेल्या माणसाचं अर्धं तिकीट की पुरं, इथपर्यंत. आता त्यांनी डोक्यावरची काळी टोपी काढून हातात घेतली.

"ठावं हाय," ते म्हणाले. "म्या बघितलं व्हतं त्यांना तिथं. दुकानाच्या पायरीवरून दिसायच्या. बोलवायला छाती झाली न्हाई बाई. डबा बदलायला छाती लागत न्हाई, म्हणून तेवढं केलं. पुढं तुमी आमच्याकडं यायला लागलाव, मी लगीच वळखलं. तोंड दाखवायला जागा नव्हती, म्हणून आत जायचो."

कमलबाई या वेळी असू द्या म्हणाल्या नाहीत. त्यांनी ती निगेटिव्ह परत उजेडात धरली आणि बघत राहिल्या, आणि आता त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. मालक म्हणाले, "फोटो मी आज रात्रीच काढून देतो. पण ही आता माझ्याकडं नगं. ही तुमी घ्या." त्या घरातून बाहेर दिलेलं ते पहिलं माणूस. त्यांनी ती कोऱ्या कागदात गुंडाळून दिली आणि हात पुसत बाजूला झाले. वस्तीतल्या बाकीच्या माणसांचा त्यांनी तिथल्या तिथं वेगळा डबा केला, आणि आम्ही डबे परत कोठीत भरले तेव्हा तो पाहुण्यांच्याही वर, सगळ्यांत वर ठेवला. आक्कांनी वरून जवारी ओतली ती त्या डब्याच्या गळ्यापर्यंतच. कोठीचं झाकणही त्यांनी उघडं ठेवायला लावलं.

परतीच्या एसटीत कंडक्टर तोच होता, पिंगळीचा. या वेळी मालक लांब जाऊन बसले नाहीत. आमच्या मागच्या सीटवर बसले. कमलबाईंच्या शेजारी खिडकीची जागा होती, तिथं कुणीतरी कांद्याचं पोतं ठेवलं होतं.

"किती?" कंडक्टरनं विचारलं.

"तीन," मालक म्हणाले.

"चार," कमलबाई म्हणाल्या.

कंडक्टरनं त्यांच्या हातातला कागद बघितला, मागं बसलेले मालक बघितले. तीन तिकिटं फाडून दिली. मग वाकून पोत्याला हात घातला आणि मागं बघून म्हणाला, "कांदे कुणाचे हायती? उचला. हितं माणूस बसायलंय."